एकशे साठ अक्षरांचा उपदेश

उपदेश करायला माणसाला काय लागतं? माझ्या मते फक्त एकच गोष्ट लागते. समोर बसलेला, वयानं लहान आणि लगेच उठून जाता न येणारा माणूस. अनुभव, ज्ञान, चारित्र्य वगैरे असलं तर उत्तमच, पण त्यावाचून काही अडत नाही. माझंच उदाहरण घ्या. २०१९ सालच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या भाच्याला सिगारेट सोडण्याचा उपदेश करायला डोंबिवलीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेलो, तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात एक सिगारेट होती. सुटी घेतलेली. पाकीट विकत घेतो तो व्यसनी आणि सुटी घेतो तो नुसता शौकीन, अशी माझी त्या काळी एक व्याख्या होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सुट्या सिगारेटी घेणाऱ्या माणसानं ती केलेली असल्यामुळे तिला काही वजन होतं.

उपदेशाचं हे काम माझ्याकडे आलं ते बहिणीकडून. कुसुम सांगलीला असते. तिचा मुलगा अनिकेत २०१७ साली एम. एस. करायला अमेरिकेला गेला आणि सव्वा वर्षानं पहिल्यांदाच सुटीवर आला. त्याचे कपडे धुवायला काढताना कुसुमला एका खिशात लायटर सापडला.

"देवापुढे निरांजन लावायला घेतला असेल," मी फोनवर म्हणून पाहिलं.

पलीकडे कुसुम रडायलाच लागली. "दादा, तू थट्टा नको करूस. त्याचे बाबा कशानं गेले ते ठाऊक आहे ना तुला? तू सोडलीस ना? मग तूच समजाव त्याला. विमान पकडायच्या आधी दोन दिवस तुझ्याकडेच राहणार आहे. तुझं ऐकेल तो."

'तू सोडलीस ना?' या तीन शब्दांत माझी सगळी पंचाईत होती. अनिकेतचे वडील, म्हणजे आमचे वसंतराव, २००९ साली हृदयविकारानं गेले. वय छप्पन्न. डॉक्टरांनी कारणांची जी यादी सांगितली तिच्यात सिगारेट पहिल्या नंबरावर होती. तेराव्याच्या दिवशी, सगळे पाहुणे बसलेले असताना, मी भरल्या गळ्यानं म्हणालो, "कुसुम, आजपासून मीही सोडली." बायका डोळे पुसायला लागल्या. एक म्हातारे गृहस्थ पाठीवर हात ठेवून "शाब्बास" म्हणाले. आयुष्यात इतका मोठा मान मला बँकेतल्या सदतीस वर्षांच्या नोकरीतही मिळाला नव्हता.

हा मान अकरा महिने टिकला. बाराव्या महिन्यात मी संध्याकाळी कोथिंबीर आणायला बाहेर पडलो आणि येताना टपरीच्या मागच्या बाजूला पाच मिनिटं थांबलो. तेव्हापासून आमच्या घरात कोथिंबीर कमी पडलेली नाही. रोज संध्याकाळी मी कोथिंबीर आणायला जात असे आणि बडीशेप चघळत परत येत असे. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा कोथिंबिरीच्या वड्या होत. शेजाऱ्यांना वाटे, यांच्याकडे कुणाला तरी फार आवडतात. बायकोनं नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही, की कोथिंबिरीच्या जुडीला सिगारेटचा वास कसा येतो. काही बायका नवऱ्याच्या खोटेपणाची भाजी निवडून, धुऊन, चिरून त्याच्या ताटात वाढतात. तो मजेत खातो.

तर असा मी, उपदेशाला बसलो. गच्चीवर दोन खुर्च्या टाकल्या. "अन्या, हे बघ," अशी सुरुवात केली. मराठीत कुठल्याही अप्रिय भाषणाची सुरुवात 'हे बघ'नंच होते. दाखवायचं मात्र काही नसतं.

"आईनं सांगितलंय ना?" तो म्हणाला. "मामा, मी सोडतोय. सप्टेंबरपासून. लायटर जुना आहे."

मला हायसं वाटलं आणि जरा निराशाही झाली. अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं, त्यात दोन संस्कृत सुभाषितं होती.

मग त्यानं सगळं सांगितलं. तिथं गेल्यावर परीक्षांच्या काळात, थंडीत, एकटेपणात सुरुवात झाली. वर्षभरात दिवसाला दहावर गेली. मग कॉलेजच्या दवाखान्यातल्या एका बाईनं त्याला एक नंबर दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची ती योजना होती. आपण मोबाईलवरून नाव नोंदवायचं, सिगारेट सोडायचा दिवस आपणच ठरवायचा, आणि मग रोज एक ते पाच निरोप येत राहतात. छोटे छोटे. एसेमेसमध्ये इंग्रजीची एकशे साठ अक्षरं मावतात, तेवढेच. तल्लफ आली की 'क्रेव्ह' एवढा एक शब्द लिहून पाठवायचा, लगेच उत्तर येतं. पाणी पी, चालून ये, लांब श्वास घे, असं काहीबाही. मन ठिकाणावर नसलं तर 'मूड' लिहायचं. आणि ओढली तर 'स्लिप' लिहायचं.

"स्लिप म्हणजे?"

"घसरलो."

"आणि मग?"

"मग काही नाही. होतं असं, म्हणतात. पुन्हा सुरू कर, म्हणतात."

"कोण म्हणतं पण? कुणी डॉक्टर बसलेला असतो का पलीकडे?"

"नाही रे मामा. मशीन आहे ते. आधीच लिहून ठेवलेलं असतं."

मला हे पटेना. ज्या यंत्राला फुप्फुस नाही त्यानं माझ्या भाच्याला श्वास कसा घ्यायचा ते सांगावं! ज्यानं आयुष्यात एक झुरका घेतला नाही त्याला तल्लफ म्हणजे काय ते काय कळणार? माझ्यासारखा अनुभवी मामा घरात असताना पोरानं सातासमुद्रापलीकडे बसून एका यंत्राला 'घसरलो' म्हणून कळवावं, यात मला आमच्या घराण्याचा अपमान वाटला. मी तसं म्हटलंही.

अनिकेतनं काही न बोलता आपला फोन माझ्या हातात दिला. त्यात दोन रांगा होत्या. एक यंत्राची आणि एक त्याच्या आईची. यंत्राच्या रांगेत त्यानं नऊ वेळा 'क्रेव्ह' आणि तीन वेळा 'स्लिप' लिहिलेलं होतं, तारीखवार. बँकेच्या पासबुकासारखं स्वच्छ. आईच्या रांगेत रोज सकाळी गुलाबाचं फूल, खाली 'सुप्रभात', त्याच्याखाली सुविचार, आणि मग मुख्य मजकूर. 'जेवलास का. स्वेटर घाल. वाईट मुलांत जाऊ नकोस. तुझ्या बाबांचं काय झालं ते आठव. माझ्या गळ्याची शपथ आहे, असलं काही करत नाहीस ना?' आणि त्याखाली चिरंजीवांचं उत्तर : 'नाही गं आई.' ते बरोबर त्याच दिवशीचं होतं, ज्या दिवशी यंत्राला 'घसरलो' गेलं होतं.

"तिला खोटं आणि त्याला खरं?" मी विचारलं.

"तिला खरं सांगितलं तर ती रडते, मामा. मग मला अपराधी वाटतं. अपराधी वाटलं की मला सिगारेट लागते. मशीनला वाईट वाटत नाही."

आता बघा, ही चोवीस वर्षांच्या पोराची पळवाट म्हणून सोडून देता आली असती. पण मी सदतीस वर्षं बँकेत काढलेली आहेत. खोट्या नोंदी का होतात ते मला ठाऊक आहे. साहेब फार ओरडणारा असला की कारकून चूक झाल्यावर कळवत नाही, दुसऱ्या चुकीनं झाकतो. गळ्याच्या शपथेचंही तेच. एकदा आईच्या गळ्याची शपथ घेतल्यावर घसरणाऱ्याला खरं बोलायची सोयच उरत नाही. कारण ओढली हे कबूल करायचं तर आईच्या गळ्याला धक्का लावला, हेही कबूल करावं लागतं. शिवाय दुसऱ्या दिवशी आई ठणठणीत असते, तेव्हा शपथेत काही राम नाही हाही एक पुरावा पोराच्या हाती लागतो. शपथ घालणारी माणसं प्रेमानं घालतात यात शंका नाही. पण ते प्रेम असं काही मांडून ठेवतात, की त्याच्या आसपास पाऊल घसरण्याचीही मुभा नसते. काचेच्या दुकानात शिरल्यासारखा माणूस त्यांच्याकडे अंग चोरून वावरतो.

"पण याचा उपयोग होतो का रे काही?" मी जरा नमतं घेतलं.

अनिकेतचा विषय संख्याशास्त्र. त्याला तेवढंच हवं होतं. त्यानं सांगितलं, न्यूझीलंडमध्ये असा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००५ साली आले. १७०५ तरुण होते. सहा आठवड्यांनी विचारलं, तेव्हा मदतीचे निरोप मिळालेल्यांपैकी २८ टक्के म्हणाले, सोडली. बाकीच्यांपैकी १३ टक्के. पुढे ब्रिटनमध्ये ५८०० माणसांवर झाला. पाच आठवडे रोज पाच निरोप, पुढे सव्वीस आठवडे दर आठवड्याला तीन. निम्म्या लोकांना हे असे निरोप, आणि उरलेल्या निम्म्यांना नुसतेच 'भाग घेतल्याबद्दल आभार' छापाचे. २०११ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात १०.७ टक्के लोक सिगारेटमुक्त राहिले होते, दुसऱ्यात ४.९ टक्के.

"म्हणजे शंभरातले नव्वद नापासच की!"

"हो. पण दुपटीहून जास्त पास झाले, मामा. आणि खर्च किती? एकशे साठ अक्षरं. शिवाय ब्रिटिशांनी नुसता शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. सोडली म्हणणाऱ्यांची थुंकी तपासायला पोस्टानं मागवली होती."

मी खूश झालो. "बघ! म्हणजे यंत्राशीही लोक खोटं बोलतातच!"

"मशीनशी नाही रे," तो शांतपणे म्हणाला, "निकालाशी. जिथं पास-नापास असतं तिथं लोक खोटं बोलतात. घरी रोजच निकाल असतो."

यावर काय बोलावं ते मला सुचेना. असं झालं की मी खुर्ची हलवतो. खुर्ची मागे सरकवायला मी खाली वाकलो, आणि सदऱ्याच्या खिशातली ती सुटी सिगारेट खाली पडली. गच्चीला पावसाचं पाणी जावं म्हणून उतार दिलेला असतो. ती सिगारेट त्या उतारावरून घरंगळत थेट अनिकेतच्या चपलेपाशी जाऊन थांबली.

त्या चार सेकंदांत मी सत्तावीस सबबी तयार केल्या. ही शेजाऱ्यांची आहे. ही मी तुला दाखवायला आणली. जप्त केलेली आहे. पोरगा आता काय म्हणेल? 'तूसुद्धा, मामा?' म्हणेल, हसेल, आईला कळवीन म्हणेल. माझ्या जागी मी असतो तर यांतलं काहीही सोडलं नसतं.

अनिकेतनं ती उचलली, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिली. "घे, मोडेल," म्हणाला. मग जरा वेळानं, "दिवसाला किती?"

"एक," मी म्हणालो.

तो काहीच बोलला नाही. नुसता समोरच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याकडे बघत राहिला.

"दोन," मी म्हणालो. "पावसाळ्यात तीन."

नऊ वर्षांत सिगारेटबाबत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. आणि ते मला माझ्या बायकोला सांगता आलं नव्हतं, बहिणीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच नाही. दरवर्षी त्यांनी "धूम्रपान?" असं विचारलं की मी "सोडलं" असं म्हणून त्यांच्याकडूनही शाब्बासकी घेत असे. ते खरं वाक्य मी बोललो ते कुणी मला दटावलं म्हणून नव्हे. समोरचा माणूस माझ्या उत्तरानं रडणार नव्हता, चिडणार नव्हता आणि त्याचा मान वाढणार किंवा कमी होणार नव्हता, म्हणून.

त्या रात्री मला झोप लागेना. उपदेश द्यायला गेलेला माणूस घेऊन परत आला की असं होतं. आणि का कोण जाणे, मला गांधीजी आठवले. (सिगारेटचा आणि गांधीजींचा आपल्याकडे तसा संबंध आहे. सार्वजनिक ठिकाणी ओढायला देशभर बंदी आली ती २ ऑक्टोबर २००८ ला. आम्ही टपरीच्या पुढून मागे गेलो ते तेव्हा.) 'सत्याच्या प्रयोगां'त त्यांनी लिहिलंय, लहानपणी त्यांनाही विड्या ओढायचा नाद लागला होता आणि त्यासाठी नोकराच्या खिशातले पैसेही चोरले होते. पुढे त्यांनी भावाच्या हातातल्या सोन्याच्या कड्याचा तुकडा काढून भावाचं कर्ज फेडलं. ती चोरी मनाला खायला लागली. तोंडानं सांगायचं धैर्य होईना, तेव्हा चिठ्ठी लिहून वडिलांच्या हातात दिली. वडील आजारी होते. त्यांनी उठून बसून चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले.

ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आलो होतो आणि ती मला कायम मुलाच्या धैर्याची गोष्ट वाटत आली होती. त्या रात्री प्रथमच ती मला बापाची गोष्ट वाटली. पोराला वाटलं होतं वडील रागावतील, कपाळ बडवून घेतील. वडील एक अक्षर बोलले नाहीत. शपथ घातली नाही, आईला बोलावलं नाही, 'आमच्या घराण्यात असं कुणी' वगैरे काही नाही. रडले हे खरं, पण ते रडणं पोराच्या हातात बिल म्हणून ठेवलं नाही. चिठ्ठी फाडून टाकली. म्हणजे तो पुरावासुद्धा पुढच्या वेळेस उकरून काढायला शिल्लक ठेवला नाही! आमच्या घरी असं काही झालं असतं तर ती चिठ्ठी आम्ही चौकट करून लावली असती.

मग मला वाटलं, दुसऱ्याचं भलं करताना आपण तिथं किती हजर असावं, हाच खरा प्रश्न आहे. आपण भलं करायला जातो ते एकटे जात नाही. आपला मोठेपणा, आपली काळजी, आपलं दुखावलेपण, 'मी सांगितलं होतं' असं पुढे कधीतरी म्हणायची सोय, असा सगळा लवाजमा घेऊन जातो. ज्याचं भलं करायचं त्याला बिचाऱ्याला आधी या वऱ्हाडाची बडदास्त ठेवावी लागते. यंत्र एकटं येतं, एवढाच त्याचा मोठेपणा. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई असते ना, तिथं रांजण भरणारा माणूस पहाटेच भरून निघून गेलेला असतो. 'परत तहान लागू देणार नाहीस ना?' असं तो कुणाला विचारत नाही. त्या यंत्रात निरोप भरून ठेवणारी जी कुणी डॉक्टरमंडळी असतील तीही अशीच. त्यांनी कधीतरी एका टेबलाशी बसून, रात्री दोन वाजता तल्लफ आलेल्या एका अनोळखी पोराचा विचार केला होता. तेव्हा ते यंत्र म्हणजे निव्वळ यंत्र नव्हेच. एका माणसाची माया दुसऱ्यापर्यंत मानापमान वगळून पोचवायची ती सोय आहे.

सकाळी चहाच्या वेळी मी अनिकेतला माझं हे तत्त्वज्ञान ऐकवलं. त्याला ते आवडलं, पण पूर्ण नाही. "एक अडचण आहे, मामा," तो म्हणाला. "मशीनला वाईट वाटत नाही, हे बरंय. पण बरंही वाटत नाही. माझा तिसावा दिवस झाला तेव्हा अभिनंदनाचा निरोप आला. मी फोन ठेवला आणि रूमभर फिरलो. सांगायला कुणी नव्हतं. आईला सांगावं तर आधी ओढत होतो हे सांगावं लागलं असतं."

बायको पोळ्या लाटत होती. ती तिथूनच म्हणाली, "मला सांगायचंस की रे." आणि मग माझ्याकडे न बघता, "अहो, आज कोथिंबीर नको आणू. कालची आहे."

अनिकेत गेला. जाताना माझ्यासाठी एक कागद ठेवून गेला. आपल्याकडेही अशी सोय आहे म्हणाला. ती २०१६ च्या जानेवारीत भारत सरकारनं सुरू केली होती. एका नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा, की तंबाखू सोडण्याचे निरोप यायला लागतात. फुकट. मिस्ड कॉल हा आपल्या देशानं जगाच्या संस्कृतीला दिलेला अहेर आहे, असं मी पूर्वीपासून मानतो. बोलायचं काही नाही, पैसे पडत नाहीत, पण मी इथं आहे हे कळतं. सहासष्टाव्या वर्षी मी टपरीच्या मागे उभं राहून सरकारला मिस्ड कॉल दिला.

निरोप यायला लागले. पण तिसाव्या दिवसाची अडचण मलाही येणार होतीच. तेव्हा अनिकेतनंच तोड काढली. रोज तो मला विचारणार, मी उत्तर द्यायचं, आणि मी त्याला विचारणार, त्यानं द्यायचं. नियम एकच. साध्या एसेमेसमध्ये मराठी लिहिलं की एकशे साठ नव्हे, फक्त सत्तर अक्षरं मावतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकाचं भाडं वेगळं. आमचं काम व्हॉट्सॲपवर, तिथं लांबीला असं बंधन नाही, तरी सत्तरच्या वर जायचं नाही. "सत्तरच्या पुढे उपदेश सुरू होतो," असं त्याचं संख्याशास्त्रीय मत.

मला हे सुरुवातीला फार जड गेलं. सत्तर अक्षरांत माझं 'हे बघ' आणि खाकरणंसुद्धा मावत नाही. पण हळूहळू जमलं. 'कितवा दिवस?' 'सहावा.' 'तल्लफ?' 'जेवणानंतर. गेली.' तल्लफ ही पाहुण्यासारखी असते, हे मला तेव्हा कळलं. चहा टाकला नाही, की थोड्या मिनिटांनी आपणच उठून जाते. एकोणिसाव्या दिवशी मी लिहिलं, 'घसरलो.' आणि फोन हातात धरून बसलो. छाती धडधडत होती. तिकडे मध्यरात्र. तरी उत्तर आलं : 'बरं. उद्या पहिला दिवस. माझा एकशे चौथा.' बस्स. त्यात रागाचं एक अक्षर नव्हतं. आणि तरी, तो जागा होता हे मला कळलं. यंत्राच्या बाबतीत ते कधीच कळलं नसतं.

माझा दुसरा पहिला दिवस अजून चालू आहे. १७ फेब्रुवारी २०१९ पासून.

परवा अनिकेतचा फोन आला होता. तो आता तिकडेच नोकरी करतो. म्हणाला, आता तिकडची पोरं सिगारेटऐवजी विजेवरची ती वाफेची नळी ओढतात. (आपल्याकडे २०१९ साली तिच्यावर बंदी आली.) त्या पोरांसाठीही निरोपांची योजना निघाली आणि तिचा निकाल २०२४ साली छापून आला. तेरा ते सतरा वर्षांची १५०३ पोरं. सात महिन्यांनी निरोप मिळालेल्यांपैकी ३७.८ टक्क्यांनी सोडलेली, आणि ज्यांना महिन्याकाठी नुसतं 'ओढतोस का?' एवढंच विचारलं त्यांच्यापैकी २८ टक्क्यांनी. अनिकेतचं लक्ष पहिल्या आकड्याकडे होतं. माझं दुसऱ्याकडे गेलं. नुसतं विचारणं, आणि उत्तराचं काही न करणं, हे आपल्याला का जमत नाही?

आता एकच सांगायचं राहिलं, आणि ते मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण सगळ्यात उशिरा सांगितलं. १९८५ साली कुसुमचं लग्न झालं. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी वडिलांनी मला सांगितलं, "नवरदेवाला काय हवं-नको ते बघ." वसंतराव घाबरलेले होते, हात थरथरत होते. मी त्यांना कार्यालयाच्या मागच्या अंगणात नेलं आणि एक सिगारेट दिली. "मी ओढत नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, "आजच्या दिवस. बरं वाटेल." त्यांना बरं वाटलं. पुढची चोवीस वर्षं मी सांगलीला गेलो की आम्ही दोघं मिळून मागच्या अंगणात जात असू.

तेराव्याच्या दिवशी मी भरल्या गळ्यानं जे बोललो, ते खरं तर हे होतं. बाहेर पडलं ते दुसरंच.

अनिकेतला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानं लिहिलं, 'आईला सांग.' मी म्हटलं, ती रडेल. त्यानं लिहिलं, 'रडू दे. मीही सांगितलं.' पोरानं माझ्याआधी सांगूनही टाकलं होतं!

तोंडानं सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी लिहिलं. नियम मोडून लिहिलं, सत्तरच्या पुढे, चांगलं दोन पानं. अंगण, सिगारेट, तेरावा, अकरा महिने, कोथिंबीर, सगळं. पाठवलं. थोड्या वेळानं त्या दोन खुणा निळ्या झाल्या. म्हणजे तिनं वाचलं. उत्तर नाही. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. बायकोनं विचारलं, "बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, "मीठ आणायला जाऊन येतो." ती म्हणाली, "मीठ आहे. बसा इथंच." मी बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं.

'दादा, ठाऊक होतं. जेवलास का?'

मी मोजून पाहिलं. काना, मात्रा, अनुस्वार, प्रश्नचिन्ह सगळं धरून सत्तावीस. सत्तरातली त्रेचाळीस अक्षरं तिनं शिल्लक ठेवली होती.